झोपडीगणिक एक गोळी

हाड मोडलं, ताप आला, तर माणूस चारचौघांत सांगतो. डोकं फिरलं होतं हे कुणी सांगत नाही. मीही पुष्कळ वर्षं सांगितलं नाही. कुणी विचारलंच तर "कावीळ झाली होती" म्हणायचे आणि चहा ठेवायला उठायचे. पण अलीकडे आमच्या ओळखीतल्या एका बाळंतिणीचं डोकं बिघडलं आणि घरच्यांनी तिला जी वागणूक दिली ती पाहून मला राहवेना. म्हणून लिहायला बसले आहे.

आधीच सांगून ठेवते, यातलं सगळं मला नीट आठवत नाही. काही दिवस तर मुळीच आठवत नाहीत. ते मला लोकांनी सांगितले, आणि सांगणाऱ्या प्रत्येकाचं वेगळंच निघालं. जिथं माझं मलाच कळत नाही तिथं तसं लिहीन, सारवासारव करणार नाही.

माळावरची माणसं

पन्नास सालानंतरची गोष्ट. चांदा जिल्हा तेव्हा एकच होता, गडचिरोली त्यातच. माझे यजमान सावलीला प्राथमिक शाळेत मास्तर, आणि मी नागपूरला शिकून आलेली नर्स. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि आमची शकू, तेव्हा नुकती बोबडं बोलायला लागलेली. मी नोकरी करते हे सासूबाईंना पसंत नव्हतं, पण शकूला दिवसभर आपल्यापाशी ठेवायला मिळतं हे फार पसंत होतं. त्यामुळे आमचं बरं चाललं होतं.

त्या वर्षी वैनगंगा चढली आणि काठचं एक गाव पार धुऊन गेली. माणसं बहुतेक वाचली, कारण गावात मासेमारी करणाऱ्या ढिवरांची घरं निम्मी आणि प्रत्येकाकडे डोंगा, छोटी होडी. पण धान, बैल, जाळी, भांडीकुंडी काही उरलं नाही. सरकारनं त्यांना सावलीजवळ एका तलावाच्या पाळीलगत, म्हणजे मातीच्या उंच बांधालगत, माळावर आणून बसवलं. बांबूच्या तट्ट्यांच्या झोपड्या, वर गवत. त्यातल्याच एका झोपडीत दवाखाना. एक टेबल, औषधांची पेटी आणि मी. डॉक्टर चांद्याहून आठवड्याला यायचे. एरवी मीच डॉक्टर, मीच कंपाउंडर आणि मीच झाडणारी. सकाळी बैलबंडीनं जायचे, दिवे लागायच्या आत परत यायचे.

पाणी ओसरलं, डबकी राहिली, आणि डासांनी माळ भरून गेला. आश्विनात थंडीतापानं छावणी धरली. एका झोपडीत बाप कुडकुडतो आहे तर दुसऱ्या झोपडीत लेकरं, असं सगळीकडे. डॉक्टरांनी पिवळ्या गोळ्यांचे डबे आणले. म्हणाले, "आजाऱ्याला तर द्यायच्याच, पण निरोग्यानंही नेमानं घ्यायच्या. तुम्हीही घ्या." आता त्या गोळ्या कुणी देत नाही, पण तेव्हा आमच्याकडे तेच होतं. कडू इतक्या की जिभेवर ठेवली तर जेवणाची चव संध्याकाळपर्यंत जायची.

देणाऱ्यानं आधी खायचं

गोळ्यांचा डबा घेऊन मी पहिल्या झोपडीत गेले. ती तानबाभाऊंची. ढिवरांतले वडीलधारे, अंगानं वाळलेले, बोलणं हळू. त्यांनी गोळी हातावर घेतली, उलटीसुलटी पाहिली आणि मला परत दिली.

"बाई, पह्यले तुमी खा."

"मी? मला कुठं ताप आहे?"

"तापाचं नाई म्हणत मी. आमच्यात देनारा पह्यले खाते, मंग घेनारा. मोहाची देवो का मासोळी देवो. तुमच्या हातचं आमी घेऊन राह्यलो, तं रीत नको का?"

त्यात अविश्वास नव्हता. मी त्यांच्या दारी पाहुणी होते आणि देणारीही होते, म्हणून त्यांनी मला त्यांच्यातलीच धरलं होतं. मी हसत गोळी तोंडात टाकली. तानबाभाऊंनी घेतली, म्हातारीनं घेतली, सुनांनी घेतली. मला वाटलं, झालं, काम सोपं झालं.

शेजारच्या झोपडीत सयाबाई. मासे विकणारी, आवाज अख्ख्या माळाला ऐकू जाईल असा. कडेवर तिची गोदी, आमच्या शकूच्याच वयाची.

"तिथी खाल्ली, अना इथी नाई? आमचं घर काऊन टाकता जी?"

मग तिथंही खाल्ली. तिसऱ्या झोपडीपाशी अक्कल आली आणि मी गोळी मोडून तुकडा घेऊ लागले. तुकड्यानं चालायचं, रीत पाळल्यासारखी व्हायची. पण झोपड्या पुष्कळ होत्या आणि गोळ्या नेमानं द्यायच्या होत्या. शिवाय माझी स्वतःची गोळी वेगळी. मी हिशेब कधी केलाच नाही. करावा असं वाटलंही नाही, कारण जे औषध हे लोक घेतात तेच तर मी घेते आहे, त्यानं काय व्हायचं? ताप उतरत होता. ज्या झोपड्यांतून कण्हण्याचा आवाज यायचा तिथून भांडणाचा आवाज यायला लागला. मला त्याचा फार आनंद झाला.

पिवळी

आधी नखं पिवळी झाली, मग तळवे, मग चेहरा. गोळ्यांनी कातडी पिवळी पडते हे मला ठाऊक होतं. छावणीतले बरेचजण थोडे थोडे पिवळे झालेच होते. पण मी म्हणजे हळद लागलेल्या नवरीसारखी दिसू लागले. सयाबाईनं पाहिलं आणि हंबरडाच फोडला.

"अवो माय! बाईले कावीळ झाली!"

मी नको नको म्हणत असताना मला तानबाभाऊंच्या म्हातारीपुढं बसवण्यात आलं. तिनं मंत्र पुटपुटत चुन्याच्या पाण्यानं माझे हात धुतले, पाणी पिवळं झालेलं सगळ्यांना दाखवलं. मग काड्यांची माळ डोक्यावर ठेवली. जसजशी कावीळ उतरेल तसतशी माळ वाढत खाली गळ्यात येते म्हणतात. नागपूरला शिकलेली मी, डोक्यावर माळ घेऊन गोळ्या वाटत फिरत होते. लोकांना त्यात काही विचित्र वाटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही वाटलं नाही, आणि तिथंच मी घाबरायला हवं होतं.

फार बरं वाटत होतं

हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण असं होईल हे मला कुणी सांगितलं नव्हतं. डोकं बिघडण्याची सुरुवात दुखण्यानं झाली नाही. मला फार बरं वाटत होतं. झोप उडाली होती पण थकवा नव्हता. मी घर सारवून काढलं, पुन्हा सारवलं. यजमानांना शाळेतून बोलावून आणलं आणि तलावाभोवती अख्खं गाव कसं वसवायचं ते जमिनीवर रेघा ओढून समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाले, "कमल, तू जरा बस." मला त्यांचा इतका राग आला की मी जेवलेच नाही.

मग शंका यायला लागल्या. शकूचा चेहरा मला बदलल्यासारखा वाटे. ही आपलीच ना? मग वाटे, छे, असं कसं. पाण्याचा आवाज यायचा. मी विहिरीत डोकावून पाहायचे, माठाला कान लावायचे. कुणाला सांगावं तर काय सांगावं? माठ वाहतो आहे म्हणून? खरा आवाज कुठला आणि माझ्या डोक्यातला कुठला, हे मला ठरवता येत नव्हतं. आणि ठरवता येत नाही हेही मी दोन पावलांवर विसरून जायचे.

पूर

यानंतरचं अर्धं माझं आहे आणि अर्धं लोकांचं.

भर दुपारी मी छावणीत होते. माळाखाली धान पिकलेलं, आणि वारा सुटला होता. मला दिसलं ते एवढंच की पिवळं पाणी शेतांवरून सरकत येत आहे. लाटा दिसत होत्या. आवाज तर मला कितीतरी दिवस येतच होता, आता पाणीही आलं. त्या क्षणी मला कसलाही संशय नव्हता. इतकं स्वच्छ मला गेल्या कित्येक दिवसांत दिसलं नव्हतं.

छावणीत रुळाचा एक तुकडा टांगलेला असे, धान्य वाटायच्या वेळी वाजवायला. तो मी बडवला. "पाणी आलं! पाळीवर चला!" म्हणून ओरडले.

ती माणसं पुरातून आलेली होती. पाणी हा शब्द त्यांना दोनदा सांगावा लागत नाही. कुणी शहानिशा केली नाही. चुलीवरचं चुलीवर टाकून, लेकरं काखोटीला मारून सगळा माळ पाळीवर धावला. मीही धावले. समोर शकू दिसली, तिला उचललं आणि पळाले.

पाळीवर उभं राहून सगळ्यांनी खाली पाहिलं. खाली धान डोलत होतं.

सयाबाई माझ्यासमोर आली. "बाई, पोरगी द्या."

"ही माझी शकू आहे."

"माही गोदी हाय, बाई. पाहा न तिच्याकडे. रडून राह्यली."

मी पाहिलं. मला शकूच दिसली. आजही मी डोळे मिटून तो क्षण आठवला तर मला शकूच दिसते, आणि गोदी होती हे मी लोकांचं ऐकून मानते. मी तिला अधिकच आवळून धरलं आणि पाळीच्या पाण्याकडच्या उतारावर मागं मागं सरकू लागले. लोक पुढं आले असते तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही करत नाही.

तानबाभाऊंनी हात आडवा करून सगळ्यांना थांबवलं. स्वतः जिथं होते तिथंच उकिडवे बसले. खाली शेतांकडे बराच वेळ पाहिलं आणि मग मला म्हणाले, "बाई, पाणी उतरून राह्यलं पाहा. आता भेव नाई. लेकराले भूक लागली असन, तिले इकडे आना."

मी पाहिलं, आणि खरंच पाणी उतरत होतं. मी स्वतःच चालत वर आले आणि पोर सयाबाईच्या हातात दिली. म्हणाले, "हिला काहीतरी खायला दे." सयाबाईनं तिला घेतलं आणि तिच्या हातापायांवरून हात फिरवत राहिली.

कुणी काय म्हणालं

छावणीचं म्हणणं पडलं, कावीळ डोसक्यात गेली. सासूबाईंचं म्हणणं, पुरात बुडालेलं काहीतरी बाईमाणसाला लागलं. जागा बदला, नदीचं नाव काढू नका, उतारा टाका. यजमान यातलं काहीच म्हणाले नाहीत. त्यांनी बंडीत गवत भरलं, मला त्यावर निजवलं आणि चांद्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. वाटेत मी त्यांना तीनतीनदा विचारलं म्हणे, तुम्ही कोणत्या शाळेत असता. प्रत्येक वेळी त्यांनी नीट उत्तर दिलं.

निघताना सासूबाई दारात शकूला पदराखाली घेऊन उभ्या होत्या. मी हात पुढं केला तर त्या मागं सरल्या. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. दुसऱ्याचं लेकरू घेऊन तलावाकडे धावलेली बाई, हे त्यांना कळलं होतं. मला त्या वेळी काही समजलं नाही, पण तो मागं सरकलेला पदर मात्र इतक्या गोंधळातूनही मला लख्ख आठवतो.

बायकांचा वॉर्ड

मी नर्स, त्यामुळे दवाखान्याच्या खाटेवर आपण निजलोय हेच मला पटेना. मी उठून शेजारच्या बायकांची नाडी पाहायचे. एकीला मी अंघोळ घातली म्हणतात. वॉर्डातल्या सिस्टर माझ्यावर चिडायच्या आणि मी त्यांच्यावर, कारण त्या चादरी नीट ताणत नव्हत्या. त्या खरंच नीट ताणत नव्हत्या, एवढं मी आजही म्हणेन.

वॉर्डाचे डॉक्टर, छावणीत यायचे ते नव्हेत, गोंधळात होते. ताप नाही, रक्तात काही नाही, कावीळ म्हणावी तर डोळ्यांचे पांढरे भाग तेवढे पिवळे नाहीत. तपासणी चालू असताना त्यांनी सगळीच औषधं थांबवली होती. हळूहळू मला मधूनमधून जाग यायला लागली. म्हणजे उघडे डोळे होतेच, पण आत कुणीतरी परत आल्यासारखं वाटे आणि पुन्हा निघून जाई. तो काळ सगळ्यात वाईट. पुरतं वेड असताना भीती नव्हती. अर्धं भान आलं आणि भीती सुरू झाली. आपण नर्स होतो. आता आपल्या हातात कोण औषध देईल? आणि शकू? तिला आपल्यापाशी कोण ठेवेल?

एक दिवस सयाबाई आली. गोदीला कडेवर घेऊन आली. सुकटाची पुरचुंडी माझ्या उशाशी ठेवली, सिस्टरनं नाक मुरडलं तिकडे लक्ष दिलं नाही. डॉक्टर फेरीवर होते. त्यांनी तिलाच विचारलं, "बाई छावणीत काय खायच्या-प्यायच्या?"

"काय खात होत्या! आमच्याच गोळ्या खात होत्या. झोपडी झोपडी फिरून."

"म्हणजे?"

"म्हणजे आमची रीत हाय न जी. घरागनिक एक. पह्यले बाई खाये, मंग आमी."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "खरं आहे हे?"

मी म्हणाले, "तुकडाच घ्यायचे."

"प्रत्येक घरी?"

"प्रत्येक घरी."

ते स्टुलावर बसले. हसावं की रागवावं हे त्यांना कळेना, आणि शेवटी त्यांनी दोन्ही केलं. म्हणाले, "एका माणसाला पुरेल तेवढं औषध औषध असतं. तुम्ही अख्ख्या गावाचं घेत होतात. ते साठत गेलं. जाईल ते अंगातून, वेळ लागेल. पण जाईल."

मी रडले. भूत नाही, कावीळ नाही, वेड नाही. डोक्यात शिरलेल्या गोष्टीला नाव मिळालं, याचं किती बरं वाटतं ते ज्याचं त्यालाच कळेल. तुमच्या घरी असं कुणी असेल तर त्याच्या डोक्याला शिव्या देण्याआधी तो काय खातो, काय पितो, किती झोपतो, हे विचारा. आणि विचारायचं ते त्याच्याबरोबर वावरणाऱ्याला विचारा.

छावणीला डॉक्टरांनी स्वतः जाऊन सांगितलं. मला धाकधूक होती की आता गोळ्यांचा डबा कुणी दारातही येऊ देणार नाही. काही घरांनी घेणं सोडलंच आणि तिथं ताप रेंगाळला. पण बाकीच्यांनी असं ठरवलं म्हणे की यापुढं घरातल्या मोठ्या माणसानं आधी खायची, नर्सनं नाही. तानबाभाऊंनी निरोप धाडला, "आमच्या वाटनीचं बाईनं लय खाल्लं. आता आमचं आमाले खाऊ द्या."

मधे बसलेल्या सासूबाई

सावलीला परतले तेव्हा पिवळेपणा उतरत होता. शकू मला पाहून सासूबाईंच्या मागं लपली. अंगणात, ओसरीवर, चुलीपाशी, जिथं मी आणि शकू असू तिथं सासूबाई आमच्या मधे बसलेल्या असत. बोलायच्या गोड. जेवायला आग्रह करायच्या. पण उठायच्या नाहीत. पाण्याला जायचं तर शकूला कडेवर घेऊन जायच्या. यजमान म्हणत, "थोडा धीर धर." धीर धरण्याशिवाय माझ्या हाती होतं तरी काय?

न राहवून मी एकदा त्यांना सगळं सांगितलं. "आई, मला वेड लागलं नव्हतं. त्या गोळ्या जास्त झाल्या, त्यानं झालं. डॉक्टरांनीच सांगितलं."

त्यांनी तांदूळ निवडता निवडता नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "असं हाय का? मंग त्या गोळ्या या घरात नाई येनार."

माझं म्हणणं त्यांना पटलं होतं, पण ज्यासाठी सांगितलं ते झालं नाही. त्या होत्या तिथंच बसून राहिल्या. मला त्यांचा राग यायचा, आणि राग आला की भीती वाटायची. हा राग माझा की गोळ्यांचा? साधा राग, रोजचा, सुनेला सासूचा येतो तो. पण माझ्याच मनातल्या कुठल्याही गोष्टीवर माझा भरवसा उरला नव्हता. शेजारी भांडं पडलं तरी मी यजमानांकडे पाहायचे, त्यांनीही ऐकलं ना म्हणून. त्यांनी मान हलवली की मग मला चैन पडायचं.

शकू

आणि शकूला ताप आला. दुपारी खेळता खेळता ती गुडघ्यात डोकं घालून बसली आणि दात वाजायला लागले. दोन गोधड्या घातल्या तरी हुडहुडी थांबेना. मग अंग तव्यासारखं तापलं. दुसऱ्या दिवशी उतरला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा चढला. काय आहे ते सांगायला डॉक्टर नको होता. छावणीत मी हेच रोज पाहत होते.

यजमान सावलीतल्याच सरकारी दवाखान्यात गेले. तिथले डॉक्टर खेड्यांवर गेलेले. कंपाउंडरनं पुडी दिली. त्याच पिवळ्या गोळ्या.

सासूबाईंनी पुडी पाहिली आणि शकूला घेऊन भिंतीला टेकल्या. "नाई. ज्यानं आईचं डोस्कं फिरलं ते लेकीले द्याचं? तुमाले काही कळते का नाई?"

यजमान माझ्याकडे पाहू लागले. "कमल, हिला किती द्यायची असते?"

एवढ्या लेकराला किती, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. त्या दिवशी मी अडले. अर्धी, असं मनात आलं. पण हे मनात आलं म्हणजे कुणाच्या मनात? ज्या मनाला धानात पूर दिसला त्याच ना?

"अर्धी," मी म्हणाले. "पण तुम्ही परत जा आणि कंपाउंडरला विचारून या. मी काय म्हटलं ते त्याला सांगू नका. तो काय म्हणतो तेवढं ऐका."

ते पुन्हा गेले. शाळेच्या पलीकडे दवाखाना, पण ते येईपर्यंत शकूचे ओठ कोरडे पडले होते आणि ती डोळे अर्धवट उघडे ठेवून कुणालातरी हाका मारत होती. मला मारत होती की आजीला ते कळत नव्हतं. यजमान धापा टाकत आले. "अर्धी म्हणाला."

मी गोळी मोडली. तुकडा खाली पडला, तो उचलून पुसला. थोड्या गुळात दाबला. सासूबाई शकूला छातीशी धरून माझ्या हाताकडे पाहत होत्या.

"कमल, खरं सांग," त्या म्हणाल्या. "तुले पक्कं माहीत हाय?"

पटकन हो म्हणून टाकावं असं वाटलं. पण मी म्हणाले, "माझ्या डोक्याचं मला पक्कं माहीत नाही, आई. ते ठिकाणावर आलंय असं वाटतं, पण वाटण्याचा काय भरवसा? गोळीचं मात्र माहीत आहे. अर्धी दिली तर ती उतरेल. नाही दिली तर काय होईल तेही माहीत आहे. छावणीत पाहिलंय मी. मला भीती वाटते, द्यायचीही आणि न द्यायचीही."

शकू तोंड उघडं ठेवून श्वास घेत होती. सासूबाईंनी तिच्या कपाळावरचे केस मागं सारले.

मग त्यांनी शकूला उचललं आणि माझ्या मांडीवर आणून ठेवलं.

"दे," त्या म्हणाल्या. "पानी मी आनतो."

शकूनं तोंड वाकडं केलं, अर्धा गूळ बाहेर काढला, पण तुकडा गिळला. सासूबाईंनी पाण्याचा गडू माझ्याजवळ ठेवला. मला वाटलं, आता नेहमीसारख्या शेजारी बसतील. त्या उभ्याच राहिल्या.

"पेज टाकतो तिच्यासाठी," म्हणाल्या, आणि आम्हा दोघींना ओसरीवर सोडून आत चुलीकडे गेल्या.